पोनिराच्या पश्चिमेची जागा

२ सप्टेंबर १९७४

रुस्मानने हॉलंडहून पाठवलेली ही डायरी आठ महिने पेटीत पडून होती. पोराला वाटतं, बापाच्या आयुष्यात रोज काहीतरी लिहिण्यासारखं घडतं. आज मात्र घडलं. दुपारच्या नमाजात मी सजद्यात असताना मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीची एक फळी सुटली आणि माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडली. फळीत लाकूड नव्हतंच. आत सगळा भुसा, वरून रंग.

मागे सात जण होते आणि नमाज संपेपर्यंत एकही हलला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. नंतर कार्तो म्हणाला, "काउम, आपली नमाज कबूल झाली की नाही माहीत नाही, पण वाळवीची ईद झाली." कार्तो आणि मी एकाच मळ्यावर वाढलो, त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. काउम म्हणजे मी. हूपरुस्त गावातले निकाह, मयती आणि नमाज तीस वर्षं माझ्याकडे आहेत, त्याआधी माझ्या वडिलांकडे होते.

भिंत नवी घालावी लागणार. शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं आहे. कोण काय बोललं याची नोंद असलेली बरी, म्हणून ही डायरी काढली.

६ सप्टेंबर

भीती होती तेच झालं. दर्मान उठला. दर्मान हा माझ्या बायकोच्या बहिणीचा मुलगा, सहा वर्षं बॉक्साइटच्या खाणीत काम करून गावी आला तो दाढी आणि होकायंत्र घेऊन. म्हणाला, भिंत नाहीतरी नवी घालायची आहे, तर इमामाचा कोनाडा पूर्वेला घेऊ. मक्का पूर्वेला आहे.

हे मला सांगायला होकायंत्र नको. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मीही पाहिला आहे. जावाहून मक्का पश्चिमेला पडते. आमची माणसं जहाजातून इथे सुरिनाममध्ये उतरली, तेव्हा मीही दोन वर्षांचा आईच्या कडेवर होतो, आणि सगळ्यांनी सवयीने चटया पश्चिमेलाच घातल्या. साठ वर्षं तशाच आहेत. वडिलांनी जिकडे कपाळ टेकलं तिकडे पाठ करून मी उभा राहू?

कार्तो म्हणाला, जग गोल आहे, पश्चिमेला जात राहिलं तरी मक्काच येते, आणि वाटेत आजोबांचं गाव लागतं तो फायदा वेगळा. लोक हसले. मी मात्र गंभीरपणे सांगितलं की ते जहाज, ही नदी, ही दिशा, सगळं तकदीर आहे. अल्लाने लिहिलेलं पुसणारे आपण कोण?

दर्मान शांतपणे म्हणाला, "पाक्दे, मग वाळवीसुद्धा त्यानेच लिहिली असणार." आमच्यात थोरल्या काकांना पाक्दे म्हणतात. शब्द आदराचा होता, पण जास्त हसू त्याच्याच बोलण्याला आलं. मी हात वर करायला सांगितलं.

हात वर झाले ते नऊ इकडे, नऊ तिकडे. माझा हात मी मोजू दिला नाही, अध्यक्ष मी होतो. निर्णय ईदनंतरच्या शुक्रवारी.

८ सप्टेंबर

जेवताना तुकिनेमने विचारलं, कब्रस्तानात आपल्या जागा नेमक्या कुठल्या. मी सांगितलं, पोनिराच्या दोन्ही अंगांना एकेक राखली आहे. पश्चिमेची जांबाच्या झाडाकडे, पूर्वेची चराकडे. कुठली कोणाची, म्हणाली. मी म्हटलं, जो आधी जाईल त्याने निवडावी.

"मग पश्चिमेची माझी," ती म्हणाली, बाजारात वांगी निवडावीत तशी. ताटातलं अर्धं तसंच टाकलं. हल्ली तिला स्वतःच्या हातचंही आवडेनासं झालं आहे.

पोनिरा आमची पहिली मुलगी. चार वर्षांची होऊन गेली, सेहेचाळीस साली.

११ सप्टेंबर

तुकिनेम सकाळच्या होडीने शहरात बहिणीकडे गेली. जूनपासून ही तिसरी खेप. कापड आणते म्हणाली होती. कापड आणलं नाही, गोळ्यांची बाटली आणली. बहिणीची आहे, चुकून पिशवीत राहिली म्हणते. दोघी बहिणी म्हाताऱ्या झाल्या, आता एकमेकींच्या गोळ्या घेऊन फिरतील.

१३ सप्टेंबर

आज तिला चांगलं झापलं. जुम्म्याला निघताना ती घरात नव्हती. परत येताना पाहतो तर बाई कब्रस्तानात. पोनिराच्या कबरेवरचं गवत उपटून झालं होतं आणि शेजारच्या राखलेल्या जागेत उघड्या मातीवर आडवी झाली होती. पाठ दुखत होती म्हणे. कब्रस्तानात कसं निजावं याचंही भान नाही. आमच्या सगळ्या मयतांची डोकी उत्तरेला. ही डोकं दक्षिणेला करून उजव्या कुशीवर, तोंड पूर्वेला. ओळ सोडून इतकी वर सरकलेली की पाय जांबाच्या बुंध्याला टेकले होते. कोणी पाहिलं असतं तर काउमच्या बायकोला वेड लागलं म्हणाले असते.

हात देऊन उठवलं. हलकी लागली. "झोप छान लागली," एवढंच म्हणाली.

१७ सप्टेंबर

रमजानचा पहिला दिवस. ऊन कडक.

तुकिनेमने रोजा धरला नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. बाळंतपणातले राहिलेले रोजेसुद्धा तिने मोजून फेडले होते, आणि आज माझ्यासमोर पाणी प्यायली. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात तांदूळ मोजायला बसली. प्रत्येक न धरलेल्या रोज्यामागे गरिबाला एक माप, अशी तीस मापं एकदम पोत्यात भरून तोंड बांधलं.

मी नियम समजावून सांगितला. जो आज आजारी आहे त्याने ईदनंतर बरं झाल्यावर रोजे फेडायचे. तांदळावर सुटका फक्त त्याची, ज्याला पुन्हा कधीच धरता येणार नाहीत. तू साधी थकली आहेस, तुला ही सवलत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पोतं विधवा सार्मीकडे पोचवा.

हट्टाला औषध नाही. पोतं पोचवलं.

२१ सप्टेंबर

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या वेळी, मी परसातून आत आलो तर तुकिनेम चटईवर होती. चटई पूर्वेला.

माझ्या घरात. गावात नऊ विरुद्ध नऊ असताना काउमच्या घरातच दहावा मोहरा फुटला. मी नमाज पुरी होऊ दिली, तेवढा धर्म मला आहे, आणि मग तडक दर्मानकडे गेलो. तो होडीचं इंजिन खोलून बसला होता. म्हटलं, पुरुषांशी जमेना म्हणून आता बायका फोडतोस का?

तो तेलकट हातांनीच उभा राहिला. म्हणाला, "पाक्दे, शपथेवर सांगतो, मी बुदेला काही शिकवलं नाही. तिनेच मागे एकदा विचारलं होतं, माणसाला पूर्वेला तोंड करून पुरलं तर डोकं कुठे येतं? मी म्हटलं, दक्षिणेला. बरं म्हणाली आणि मला केळी दिली."

बुदे म्हणजे थोरली मावशी. पोरगा खोटं बोलणारा नाही, हे मला माहीत आहे, त्यामुळे जास्तच राग आला.

२२ सप्टेंबर

काल घरी आल्यावर भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलत होतो. आईबापांची दिशा सोडलीस, माझं नाक कापलंस, उद्या लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. शेवटी म्हटलं, जी दिशा आपल्या नशिबात लिहिली ती गुमान घ्यावी, तकदीर मानणं हाही ईमानाचाच भाग आहे.

ती सोयाबीनचे तेंपे गुंडाळायची पानं पुसत होती. न थांबता म्हणाली, "पोर गेली ते लिहिलेलं होतं, तुम्ही म्हणालात. मी मानलं. पण तोंड फिरव म्हणालात, ते कोणी लिहिलं होतं?"

अठ्ठावीस वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलली. म्हणून इथे खरं लिहितो. पोनिराला ताप आला तेव्हा मी नदीपलीकडे एका घरी दुवा वाचायला गेलो होतो. जेवण होतं, आग्रह झाला, राहिलो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा उशीर झाला होता. घरी असतो तर होडी काढली असती. काढली असती तर काय झालं असतं, अल्ला जाणे. मी ते वाक्य तिथेच संपवायला शिकलो आहे.

कफन बांधताना तुकिनेम रडायला लागली. मयतावर आसू पडले तर जिवाची वाट अडते, असं आमचे जुने लोक मानतात. वडील समोर उभे होते, मी नुकता काउम झालेला. मी तिला म्हटलं, तोंड फिरव. तिने फिरवलं. ती पुन्हा वळली तोवर मी चेहऱ्यावर गाठ मारून मोकळा झालो होतो.

काल तिचं बोलणं ऐकून मी उठलो. बाहेर जाऊन लाकडं फोडली.

२ ऑक्टोबर

शहर. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. सकाळी तुकिनेम चुलीपाशी कोसळली. दर्मानने काही न विचारता होडी काढली.

डॉक्टरीण तरुण आहे. म्हणाली, "पोटातली गाठ खूप पसरली आहे. जूनमध्येच मी यांना सांगितलं होतं, नवऱ्याला घेऊन या. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

मला माहीत नव्हतं. तीन खेपा, गोळ्यांची बाटली, अर्धं ताट. आणि तीस मापं तांदूळ. ज्याला पुन्हा कधीच रोजा धरता येणार नाही त्यानेच तांदूळ द्यावा, हा नियम मी सगळ्या गावाला शिकवतो. तिने तो माझ्यासमोर बसून पाळला आणि मी तिला नियम समजावत होतो. माझ्याइतका गाढव या नदीच्या दोन्ही काठांना नसेल.

५ ऑक्टोबर

घरी आणलं. तिचाच आग्रह. रुस्मानला तार केली आहे, पण हॉलंड म्हणजे पलीकडचा काठ नव्हे.

कार्तोची बायको कोंबडीचा साओतो घेऊन आली. तुकिनेमने दोन चमचे रस्सा घेतला, कोथिंबीर कमी आहे म्हणाली. बरं वाटलं ऐकून.

६ ऑक्टोबर

आजपासून रमजानच्या शेवटच्या विषम रात्री सुरू. यांतल्याच एका रात्री पुढच्या वर्षाचं सगळं लिहून फरिश्त्यांच्या हाती देतात. रोजा सोडून घरी भाताचे द्रोण भरले, दुवा वाचली, शेजाऱ्यांना वाटले. तिने पडल्या पडल्या प्रत्येक द्रोणाला बोट लावलं.

मग मला जवळ बोलावलं. "अहो, मी एकच मागितलंय. मला ठेवताना तोंड उगवतीला करा."

आजारी माणसाला हो म्हणायला काय जातं, कोणीही म्हणेल. पण मी काउम आहे. काउमने स्वतःच्या बायकोला पूर्वेला ठेवलं तर मशिदीचा निकाल त्याच दिवशी लागला, दर्मानला हात मोजायचीही गरज नाही. शिवाय वडील, आई, कार्तोचे दोघे भाऊ, सगळे पश्चिमेला तोंड करून झोपले आहेत. त्या सगळ्यांच्या विरुद्ध ही एकटी? मी म्हटलं, आधी बरी हो.

ती हसली. "तुम्ही बघा काय ते," म्हणाली आणि डोळे मिटले.

हे तिला दर्मानने शिकवलं नाही, हे आता मला पटलं आहे. मग कुठून आलं, ते कळत नाही.

१० ऑक्टोबर

तुकिनेम काल सकाळी गेली. कलमा मी तिच्या कानात म्हटला, तिने ओठ हलवले. दुपारी पुरली. सगळं क्रमाने लिहितो.

बायकांनी तिला घुसल, म्हणजे मयताची अंघोळ, घातली. कार्तो, दर्मान आणि मी कब्रस्तानात गेलो. पोनिराच्या पश्चिमेला मी नेहमीप्रमाणे दोरी धरली आणि ओळीत चार खुंट्या ठोकल्या. फावडं उचलण्याआधी कार्तोने विचारलं, "डोकं उत्तरेलाच ना?" तो असा प्रश्न कधी विचारत नाही. म्हणजे गावभर बातमी होती. दर्मान खाली मातीकडे पाहत होता. एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि माझी नजर पोनिराच्या डोक्याकडच्या दगडावर गेली. दगड उत्तरेला. म्हणजे पोरीचं तोंड पश्चिमेला, या रिकाम्या जागेकडे. इथे तुकिनेमला मी आमच्या रीतीने ठेवलं तर तिचंही तोंड पश्चिमेला, आणि पोरीकडे पाठ. मीच पुन्हा तिला तोंड फिरवायला लावणार होतो.

मग ती त्या दिवशी कशी निजली होती ते आठवलं. डोकं दक्षिणेला, तोंड पूर्वेला, पाय जांबाच्या बुंध्याला. दोरी घेऊन मापलं. बुंध्यापासून तिच्या उंचीएवढं खाली आलं की डोकं बरोबर पोनिराच्या दगडासमोर येतं. तिने पाठ दुखते म्हणून अंग टाकलं नव्हतं. माप घेतलं होतं.

मी खुंट्या उपटल्या आणि पार वर, झाडापर्यंत सरकवून ठोकल्या. कार्तो म्हणाला, "काउम, ओळ बिघडतेय. आणि इथे मुळं आहेत."

म्हटलं, "मुळं तोड. डोकं दक्षिणेला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पोनिराच्या दगडाकडे पाहिलं आणि कुऱ्हाड आणायला गेला. त्याला किती कळलं, मी विचारलं नाही.

घरी येऊन बायकांना सांगितलं, चेहरा उघडा ठेवा, ज्याला बघायचं आहे त्याने बघावं, ज्याला रडायचं आहे त्याने रडावं. सगळ्यांत जास्त मीच रडलो. कफनावर पडले आसू. जिवाची वाट त्याने अडत असेल तर तो जाब मी देईन.

कबरेत दर्मान आणि मी उतरलो. तिला उजव्या कुशीवर वळवलं, पाठीशी मातीचे गोळे लावले, गाल मातीला टेकवला. मधे हातभर माती आणि पलीकडे पोनिरा.

१७ ऑक्टोबर

ईद. नमाज पढवली, घरोघर माफी मागायला गेलो. आमच्यात ईदेला लहान माणसं मोठ्यांच्या पाया पडून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. मला माफी मागायची होती ती नेमकी घरात नाही. कब्रस्तानात जाऊन मागितली. बसलो होतो पोनिराच्या पायाशी, दोघींच्या मधे येणार नाही असा.

सार्मी सांगत होती, तीस मापांतला तांदूळ अजून पुरतो आहे.

१८ ऑक्टोबर

मशिदीची बैठक. दर्मानचे मित्र खुशीत होते. काउमने बायकोला पूर्वेला ठेवलं म्हणजे काउमला सत्य कळलं, असं त्यांचं चाललं होतं. एकाने तर माझं अभिनंदन केलं. मी त्याला सांगितलं, तिला मी मक्केसाठी पूर्वेला ठेवलेलं नाही. मग कशासाठी, म्हणाला. म्हटलं, तुला चार वर्षांची मुलगी झाली की ये, सांगेन.

पुन्हा नऊ आणि नऊ. या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला तो पूर्वेसाठी. कार्तोने मान फिरवली.

मी कारण सांगितलं, तेच इथे लिहितो. वाळवी, नकाशा आणि ही पोरं, तिन्ही एकाच बाजूला आहेत. आमची दिशा आम्हाला वडिलांनी दिली, ती आम्ही निभावली. पुढे नमाज यांनाच पढायची आहे. तकदीर म्हणून मी आजवर पुष्कळ गोष्टी अल्लाच्या नावावर घातल्या, त्यांतल्या काही माझ्या होत्या. आता जे माझ्या हातात आहे ते तरी मी माझं म्हणून करतो. मशीद वळवा. मी मात्र चटई घरी घालीन, आणि घालीन ती पश्चिमेलाच. बासष्टाव्या वर्षी माझी पाठ वळत नाही.

दर्मान येऊन पाया पडला. म्हणाला, काउम तुम्हीच राहा. म्हटलं, बघू.

२० ऑक्टोबर

कार्तो दोन दिवस रुसून बसला होता. आज आला, येताना कसाव्याच्या चकत्या घेऊन आला, म्हणजे राग गेला. आम्ही दोघे कब्रस्तानापर्यंत चालत गेलो. तुकिनेमची कबर ओळ सोडून वर गेलेली लांबूनही दिसते. तोडलेल्या मुळाला जांबाने आत्ताच पालवी काढली आहे.

कार्तोने विचारलं, "आणि तुझं काय? तुला कुठे तोंड करून ठेवू? आता तरी नक्की सांग, नाहीतर मेल्यावर माझ्या डोक्याला ताप."

मी त्याला चराकडची जागा दाखवली, पोनिराच्या पूर्वेची. सांगितलं, मला वडिलांसारखंच ठेव. ओळीत, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. तिथून मला पोनिराची पाठ दिसेल आणि तिच्या पलीकडे तुकिनेमचा चेहरा.